मदत हवी आहे: पायथनमध्ये फाइलची जुनी मॉडिफाइड तारीख टिकत नाही

नमस्कार मंडळी,

बाबांनी २००३ ते २००९ या काळात कॉम्प्युटरवर टिपणं लिहून ठेवली होती. एकूण ४१२ टेक्स्ट फाइली. सगळ्या जुन्या फॉन्टमधल्या, त्यामुळे आज उघडल्या तर नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसतात. पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहून मी त्या युनिकोडमध्ये आणतोय. मजकूर छान उतरतोय, अडलंय ते तारखांवर. बाबा टिपणात तारीख कधीच घालत नसत. कुठलं टिपण कधीचं हे सांगणारी एकच खूण उरली आहे, ती म्हणजे फाइलची मॉडिफाइड वेळ.

जुन्या फाइलवर ओएस.स्टॅट चालवून एसटी_एटाइम (शेवटची वाचल्याची वेळ) आणि एसटी_एमटाइम (मॉडिफाइड वेळ) घेतो. मग विथ ओपन करून नवी फाइल उघडतो, एफ.राइटने मजकूर लिहितो आणि लगेच खालच्या ओळीत ओएस.यूटाइमला (फाइलवर हव्या त्या वेळा लावणारं फंक्शन) त्या दोन्ही वेळा देतो. एरर येत नाही. तिथेच पुढच्या ओळीत प्रिंट केलं तर १७ ऑगस्ट २००४ अशी अगदी बरोबर तारीख दिसते. स्क्रिप्ट संपल्यावर फोल्डर उघडावा तर सगळीकडे आजची तारीख!

एक फाइल मुळातच ० बाइटची आहे. फक्त तिची तारीख जुनी राहिली. का, ते कळत नाही. सिस्टिम लिनक्स, फाइली दोन-तीन केबीच्या. मूळ फाइली जुन्या एनटीएफएस (विंडोजच्या) डिस्कवर आहेत, त्यांना हात लावलेला नाही. कृपया सांगा, दोन दिवस यातच गेलेत.

प्रतिसाद १

त्या रिकाम्या फाइलमध्येच उत्तर आहे. एफ.राइट केलं की मजकूर लगेच फाइलमध्ये जात नाही, आधी पायथनच्या बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत साठतो. दोन-तीन केबी त्यात सहज मावतात. म्हणजे तुम्ही यूटाइम करता तेव्हा नवी फाइल अजून रिकामीच असते. तारीख लागते, प्रिंटमध्ये दिसते तीही खरीच. मग विथ ब्लॉक संपून फाइल बंद होते, बफरमधला मजकूर तेव्हा लिहिला जातो आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) एमटाइम आत्ताची करून टाकतो. ० बाइटच्या फाइलमध्ये लिहायला काही नव्हतंच, म्हणून ती वाचली.

यूटाइमची ओळ विथच्या बाहेर घ्या. एक इंडेंट (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) कमी करा, बस्स.

धागाकर्ता

झालं! खूप खूप आभार. आता तारखा बरोबर लागल्या. पण स्टॅट कमांडने दोन्ही फाइली शेजारी ठेवून पाहिल्या तर सेकंद जुळतात, दशांशातले शेवटचे आकडे मात्र वेगळे येतात. शिवाय ‘चेंज’समोर आजचीच तारीख आहे. तीही जुनी करता येईल का?

प्रतिसाद २

एसटी_एमटाइम हा फ्लोट (दशांश संख्या) असतो, १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. नॅनोसेकंदांपर्यंतची वेळ १९ अंकी होते आणि फ्लोटमध्ये १५-१६ अंकच खात्रीने बसतात. त्याऐवजी एसटी_एटाइम_एनएस आणि एसटी_एमटाइम_एनएस घ्या, ते नॅनोसेकंदांतले पूर्णांक आहेत, आणि यूटाइमला एनएस= म्हणून द्या. जोडीत आधी एटाइम, मग एमटाइम. हा क्रम उलटा झाला तरी एरर येत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

‘चेंज’ म्हणजे सीटाइम. लिनक्सवर ती फाइल तयार झाल्याची वेळ नव्हे, फाइलच्या आयनोडमध्ये (फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीत) शेवटचा बदल झाला ती वेळ. यूटाइम करणं हाही तसा बदलच, म्हणून ती आजची होते. यूटाइमने ती मागे नेता येत नाही.

आणि आजच एक काम करा. मूळ फाइलींची नावं आणि एमटाइम_एनएस एका सीएसव्हीमध्ये (साध्या तक्त्याच्या टेक्स्ट फाइलमध्ये) उतरवून ठेवा. कुणी एडिटरमध्ये फाइल उघडून नुसतं सेव्ह केलं तरी एमटाइम जाते. पुढे पायथननेच प्रती काढणार असाल तर शटिल.कॉपी नको, कॉपी२ वापरा. कॉपी वेळ जपत नाही. एफएटी३२ पेनड्राइव्हवर एमटाइम दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांत साठते, तिथे तंतोतंत जुळणी मागू नका.

धागाकर्ता

आधी सीएसव्ही केली, मग एनएसने सगळं पुन्हा चालवलं. ४१२ च्या ४१२ जुळल्या. तारखेप्रमाणे लावल्यावर पहिलं टिपण मार्च २००३ चं निघालं, आणि त्यात बाबांनी कीबोर्डवर स्वतःचं नाव सलग सात वेळा टाइप करून पाहिलंय.