शेवभाजी खाणाऱ्याने मटणाचे पैसे का भरावेत?

जळगावकर (धाग्याची सुरुवात):
मागच्या रविवारी आम्ही सहा मित्र महामार्गावरच्या एका ढाब्यावर जेवलो. पदार्थांचे २४०० रुपये आणि त्यावर ५ टक्के जीएसटी मिळून २५२० रुपयांचे बिल झाले, आणि एकाने मोबाइलवर भागाकार करून 'प्रत्येकी ४२०' असे जाहीरही करून टाकले. मी शाकाहारी असल्याने माझ्या ताटात १३० रुपयांची शेवभाजी, दोन कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरी आणि ताक एवढेच होते. करासह त्याचे २१० रुपये होतात. म्हणजे बरोबर निम्मे पैसे मी इतरांच्या मटणाचे भरले. ज्याने जे खाल्ले त्याचे त्याने द्यावे आणि मसाला पापडासारखे मधोमध ठेवलेले तेवढे समान वाटावे, असे माझे मत आहे.

भुसावळकर:
आपला हिशोब चोख आहे, तरीही मी असहमत आहे. शेवभाजीचा रस्सा आपण निदान एकदा तरी जास्तीचा मागवला असेलच. (खानदेशात तो न मागणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.) हिवाळ्यात शेतात भरिताची पार्टी होते, तेव्हा कोणी बामणोदची वांगी आणतो, कोणी तेल आणतो, ज्याचे शेत असते तो वांगी भाजायला काट्याकुट्या जमवतो, आणि लाकडी बडगीत ठेचलेल्या भरितासोबत कोणी किती पुऱ्या खाल्ल्या हे कोणीही मोजत नाही. आज तुमचे जास्त गेले, उद्या आमचे जातील.

जळगावकर:
भरिताचा दाखला माझ्याच बाजूने जातो. तेथे सर्वांच्या पानात एकच पदार्थ असतो आणि कोणी काय आणायचे हे आदल्या दिवशीच ठरते, म्हणून कोणाला वाईट वाटत नाही. ढाब्यावर मात्र वाटणी बिल आल्यावर ठरते आणि त्या वेळी तोंड उघडणारा कंजूष ठरतो. शिवाय शाकाहारी माणसाचा तो 'उद्या' कधीच उगवत नाही.

धुळेकर:
दारूचा मुद्दा अजून कोणी काढलेला नाही. तिच्यावर जीएसटी नसून राज्याचा व्हॅट लागतो, त्यामुळे बिलात तिची रक्कम सहसा वेगळी दिसते. ती पिणाऱ्यांनीच वाटून घ्यावी. मोठ्या शहरांत 'सर्व्हिस चार्ज' आपोआप लावलेला आढळला, तर भागाकारापूर्वीच तो काढायला सांगावा, कारण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्याची सक्ती करता येत नाही. उरलेले जेवण समान वाटायला माझी हरकत नाही. मात्र आमच्या गटातला एक मित्र नोकरी सुटल्यावर 'पोट ठीक नाही' असे सांगून चार महिने आला नव्हता, आणि खरे कारण आम्हाला फार उशिरा समजले.

भुसावळकर:
दारूचे मान्य आहे. नोकरी सुटलेल्या मित्राकडून तर अर्धेही घेऊ नयेत. परंतु ताकाच्या ग्लासाचा हिशोब मी मांडणार नाही.