नाताळचं जेवण: स्वादाची ऑलिव्ह तेलं आणि व्हिनेगरं, कोणती बाटली कुठे वापरायची?

पाटवरवंटा (कोथरूड)

२५ डिसेंबरला रात्री दहा माणसांचं जेवण आहे. सहा जण चिकन खाणारे, चार शाकाहारी. शाकाहाऱ्यांत एक आजी आहेत, त्यांना आंबट सोसत नाही. हाताशी असलेल्या बाटल्या अशा: लसणाच्या, लिंबाच्या आणि रोझमेरीच्या स्वादाचं ऑलिव्ह तेल (प्रत्येकी २५० मिली), साधं बाल्सामिक (द्राक्षाच्या रसाचं गडद, गोडसर व्हिनेगर), अंजिराचं बाल्सामिक, रास्पबेरी व्हिनेगर. शिवाय साधं ऑलिव्ह तेल आणि शेंगदाणा तेल आहेच. ओव्हन म्हणजे ३० लिटरचा ओटीजी, एका वेळी एकच ट्रे नीट भाजतो.

बेत असा: बीट-संत्र्याचं सॅलड, फरसबी, भाजलेले बटाटे, चिकनच्या तंगड्या, शाकाहाऱ्यांना पनीर, शेवटी स्ट्रॉबेरी.

प्रश्न: भाजायला हीच तेलं वापरावीत का? कुठल्या तेलाबरोबर कुठलं व्हिनेगर? आदल्या दिवशी काय काय उरकता येईल? आणि लसणाचं तेल कमी पडलं तर घरी करून ठेवता येईल का?

उलथनं

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. भाकरी-ठेच्यावर आपण कच्चं तेल घेतो, वरणभातावर वरून तूप घेतो, तशीच ही तेलं वापरायची. लसणाचा, लिंबाचा, रोझमेरीचा वास उडून जाणाऱ्या घटकांत असतो. २०० अंशांच्या ओव्हनमध्ये पाऊण तास ठेवलं की सगळा वास स्वयंपाकघरात पसरतो आणि ताटात नुसतं तेल येतं. काही बाटल्यांत लसणाचे बारीक कणही असतात, ते करपून कडू होतात. म्हणून आचेचं काम साध्या तेलाचं, स्वादाचं तेल पदार्थ उतरल्यावर. दहा माणसांना एका पदार्थावर २ मोठे चमचे पुरतात. (चमचा म्हणजे मापाचा, १५ मिलीचा. पोहे खायच्या चमच्याने मोजाल तर कमी भरेल.)

दुसरं, एका पदार्थाला एकच स्वादाची बाटली. लसणाचं तेल, वर रोझमेरीचं, त्यावर अंजिराचं बाल्सामिक असं केलं की कशाचीच चव कळत नाही.

बटाटे: दीड किलो, सोलून मोठे तुकडे. भरपूर मीठ घातलेल्या पाण्यात ८-१० मिनिटं उकळा, कडा मऊ झाल्या आणि मधला भाग अजून कडक आहे इतपतच. पाणी काढून झाकणासकट पातेलं दोनचार वेळा हलवा, म्हणजे कडा खरबरीत होतात. कुरकुरीतपणा तिथेच येतो. वाफ पूर्ण जाऊ द्या, मग ५ मोठे चमचे शेंगदाणा तेल चोळा. २०० अंशांवर ४५ मिनिटं, मध्ये एकदा उलटून. दीड किलो एका ट्रेमध्ये कोंबू नका. तुकडे एकमेकांना चिकटले की स्वतःच्याच वाफेत शिजतात, पिवळट आणि मऊ राहतात. दोन खेपा करा. उकळायच्या पाण्यात व्हिनेगर घालू नका. आंबटपणाने बटाट्याची बाहेरची बाजू घट्ट राहते, ते सॅलडच्या बटाट्याला चांगलं, भाजायच्या बटाट्याला नाही.

चिकन: सहा तंगड्या धरून साधारण दीड किलो. आदल्या रात्री फक्त २० ग्रॅम मीठ आणि मिरपूड चोळून फ्रिजमध्ये, झाकण न घालता आणि सर्वांत खालच्या कप्प्यात, म्हणजे त्याचं पाणी बाकी जिन्नसांवर ठिबकणार नाही. कातडी कोरडी होते आणि मग छान तांबूस भाजली जाते. मीठ आतपर्यंत मुरतं. व्हिनेगर मात्र मुरत नाही, वरचा थरच खातं. रात्रभर ठेवलं तर तो थर पांढरट आणि पिठूळ होतो. म्हणून बाल्सामिक शेवटी.

खलबत्ता

उलथनं यांच्याशी सहमत. सॅलड आणि फरसबीचं मी सांगते.

बीट ७०० ग्रॅम, सालासकट, देठ बोटभर ठेवून कुकरमध्ये. मध्यम बिटांना ४ शिट्ट्या. आधी सोललं तर रंग पाण्यात जातो. हे आदल्या दिवशी करून ठेवा. संत्री ४, नागपुरी चालतील, पण पांढरा पापुद्रा आणि बिया काढून फक्त गर घ्या.

ड्रेसिंगसाठी रास्पबेरी व्हिनेगर ३ मोठे चमचे, १ छोटा चमचा मीठ, १ छोटा चमचा मध. हे आधी एकत्र करा, कारण मीठ तेलात विरघळत नाही. शेवटी घातलं तर दाताखाली येतं. मग डिजॉन मोहरी (बरणीत मिळणारी फ्रेंच पद्धतीची वाटलेली मोहरी) १ छोटा चमचा. ती नसेल तर मोहरीची डाळ थोड्या पाण्यात फेसून घ्या, आपण रायत्याला फेसतो तशी, पण अर्धाच चमचा, तिचा झणका जास्त असतो. मोहरीमुळे तेल आणि व्हिनेगर धरून राहतात, नाहीतर पाच मिनिटांत तेल वर येतं. शेवटी साधं ऑलिव्ह तेल ५ चमचे आणि लिंबाचं २ चमचे, बरणीत घालून झाकण लावून अर्धा मिनिट जोरात हलवा.

व्हिनेगरला तिप्पट तेल हे नेहमीचं माप. इथे संत्र्याचा रस सुटणार आहे म्हणून मी किंचित कमी घेतलंय. लेबलवरचा आंबटपणा बघा. इटलीतल्या मोदेनाच्या बाल्सामिकमध्ये तो निदान ६ टक्के असतो. आपल्याकडच्या साध्या व्हिनेगरला नियमाने ३.७५ टक्के पुरतो. दोन्ही एकाच मापाने घातली तर एक झोंबेल आणि दुसरं पांचट लागेल. ‘सिंथेटिक’ लिहिलेलं व्हिनेगर सॅलडमध्ये घालू नका, ते म्हणजे पाण्यात ॲसेटिक ॲसिड. मिरचीच्या लोणच्याला ठीक, इथे त्याला फळाचा वासच नसतो.

पानं घेणार असाल तर फडक्यावर पूर्ण कोरडी करा. ओल्या पानांवर तेल बसत नाही, सगळं ड्रेसिंग वाडग्याच्या तळाशी जातं.

आजींसाठी दोन चमचे बीट-संत्रं आधीच बाजूला काढा, त्यावर फक्त मीठ आणि लिंबाचं तेल. या तेलात सालीचा वास असतो, आंबटपणा नसतो, त्यामुळे त्यांना लिंबाचा स्वाद मिळेल आणि त्रासही होणार नाही. या बाटलीचा हा गुण फार मोलाचा आहे.

फरसबी ७५० ग्रॅम. मंडईत घेताना एक मोडून पाहा, कट्‌कन तुटली तरच घ्या. ३ लिटर उकळत्या पाण्यात २ मोठे चमचे मीठ, झाकण न ठेवता ४ मिनिटं, मग लगेच थंड पाण्यात. वाढताना कढईत गरम करून गॅस बंद, मग लिंबाचं तेल २ चमचे. व्हिनेगर किंवा लिंबू आधी पिळलं तर दहा मिनिटांत हिरवा रंग शेवाळी होतो, कारण आम्लामुळे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं. बिटाला उलटी गोष्ट, त्याचा रंग आंबटात खुलतो.

मिठाची_चिमूट

लसणाच्या तेलाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून आवर्जून लिहिते. घरी करून बाहेर ठेवू नका. लसूण मातीत वाढतो, त्याच्यावर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. त्यांना हवा नको असते आणि आंबटपणा सोसत नाही. तेलात बुडालेल्या लसणाला हवा लागत नाही आणि तो आंबटही नसतो, म्हणजे त्यांना हवं ते सगळं मिळालं. खोलीच्या तापमानाला ते वाढून विष तयार करतात, आणि त्याने तेलाचा वास, रंग, चव काहीच बदलत नाही. बीजाणू उकळत्या पाण्याच्या तापमानालाही मरत नाहीत, त्यामुळे ‘मी तेल कढवलं होतं’ हे पुरेसं नाही. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या एका रेस्टॉरंटमध्ये तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना बोट्युलिझम, म्हणजे या विषाची बाधा, झाला होता.

लसणाचं लोणचं टिकतं ते त्यातल्या मिठामुळे आणि लिंबाच्या रसामुळे. निव्वळ तेलामुळे नाही. विकतच्या तेलात एकतर अर्क असतो किंवा आम्ल घालून ते सुरक्षित केलेलं असतं.

घरी हवंच असेल तर त्याच दिवशी करा. १२० मिली साधं ऑलिव्ह तेल, ८ ठेचलेल्या पाकळ्या, सर्वांत मंद आचेवर १० मिनिटं. पाकळीभोवती बारीक बुडबुडे यावेत, पाकळी लाल होऊ नये. गाळा, लसूण काढून टाका, त्या जेवणात वापरा. उरलं तर लगेच फ्रिजमध्ये, तेही ४ दिवसांच्या वर नाही. ताज्या रोझमेरीच्या काड्या तेलात बुडवून बाटली ओट्यावर सजवून ठेवणं हेही तितकंच धोक्याचं.

पाटवरवंटा (कोथरूड)

सगळ्यांचे आभार. लसणाचं तेल करून ठेवायचा विचार रद्द. आता दोन गोष्टी सांगा: चिकनवरचं बाल्सामिक आटवायचं कसं, आणि एका ओटीजीवर बटाट्याच्या दोन खेपा आणि चिकन कसं बसवायचं? बटाटे शाकाहारी मंडळीही खाणार आहेत.

तांब्याचं_पातेलं

आटवायचं ते साधं बाल्सामिक. अंजिराचं नको, त्याचा वास आचेवर जातो आणि ते आधीच गोड असल्यामुळे पटकन लागतं.

२५० मिली बाल्सामिक रुंद स्टीलच्या पातेल्यात घ्या. लोखंडी कढई, ॲल्युमिनियम, कल्हई गेलेलं पितळ किंवा तांबं यातलं काही नको. आंबट कळकतं, धातूची चव उतरते, आणि तांब्या-पितळेत ते पोटालाही वाईट. चिमणी किंवा पंखा सुरू ठेवा आणि पातेल्यावर वाकू नका. पहिली पाच मिनिटं जी वाफ निघते तिने ठसका लागतो, डोळे चुरचुरतात.

मध्यम-मंद आच, १२ ते १५ मिनिटं. सुरुवातीला बुडबुडे बारीक असतात आणि लगेच फुटतात. मग ते मोठे, चकचकीत होतात, एकावर एक चढायला लागतात आणि उकळीचा आवाज जड होतो. तिथून पातेल्याजवळून हलू नका, पुढचं सगळं दीड-दोन मिनिटांत होतं. थंड बशीवर थेंब टाकून मधून बोट फिरवा. रेघ राहिली की गॅस बंद. साधारण ९० मिली उरतं. एकतारी पाकाची वाट पाहू नका. गरम असताना तार आली म्हणजे गार झाल्यावर त्याची चिक्की होणार. जास्त आटलंच तर चमचाभर गरम पाणी घालून सैल होतं. जळका वास आला तर मात्र ओतून टाका, तो कडूपणा साखरेने झाकत नाही.

गॅस बंद केल्यावर २ चमचे अंजिराचं बाल्सामिक मिसळा. आदल्या दिवशी करून बरणीत ठेवलं तरी चालतं. वापरण्याआधी दोन वाट्यांत वेगळं करा, एक चिकनची, एक पनीरची. ब्रशही दोन.

उलथनं

जेवण साडेआठला धरून वेळ मांडतो.

५:१५ ला ओटीजी तापायला. ५:३० ते ६:१५ बटाट्याची पहिली खेप, ६:१५ ते ७:०० दुसरी. बटाटे आधी उरकले की चिकनचे शिंतोडे त्यांना लागायचा प्रश्नच येत नाही. ७:०५ ला चिकन, २०० अंश, ४० मिनिटं. हाडाजवळ ७४ अंश हवं. थर्मामीटर नसेल तर हाडापर्यंत सुरी खुपसा, रस गुलाबी नको. तंगडीला जरा जास्त शिजलेलं चालतं, म्हणून शंका आली तर पाच मिनिटं वाढवा. मग आटवलेलं बाल्सामिक लावून अजून ८ मिनिटं. सुरुवातीपासून लावलं तर त्यातली साखर अर्ध्या तासातच काळी पडते. बाहेर काढून १० मिनिटं तसंच राहू द्या. चिकनवर स्वादाचं तेल नको, अंजीर पुरेसं आहे.

८:१० ला लोखंडी तव्यावर बटाटे ५-६ मिनिटं परतून पुन्हा कुरकुरीत करा. परातीत काढा, मग रोझमेरीचं तेल २ चमचे आणि जाडं मीठ. तव्यावर असताना तेल घालायचा मोह टाळा.

पनीर ६०० ग्रॅम, बोटभर जाडीच्या लाद्या. कोमट मिठाच्या पाण्यात १५ मिनिटं ठेवून टिपून घ्या, म्हणजे आतून मऊ राहतं. वाढायच्या आधी नॉनस्टिक तव्यावर साध्या तेलात दोन्ही बाजूंनी २-२ मिनिटं. उतरवून लसणाचं तेल २ चमचे, आणि पनीरच्या वाटीतलं बाल्सामिक वरून बारीक धारेने. इथे एका स्वादाचा नियम मी मोडतोय, कारण पनीरला स्वतःची चव फार कमी. आजींच्या लादीवर फक्त तेल.

सासवडचा_मळा

स्ट्रॉबेरीबद्दल थोडं. डिसेंबरात महाबळेश्वर-पाचगणीचा माल पुण्यात येतो. खोक्यात वरची फळं सुबक रचलेली असतात, म्हणून खोकं उलटं करून तळ बघा, डाग तिथे दिसतात. देठाशी पांढरी असेल तर ती तोडल्यावर गोड होत नाही.

१ किलो फळं देठासकट धुवा, कोरडी करा, मगच देठ काढून उभी चिरा. आधी देठ काढलं तर पाणी आत शिरतं. ४ मोठे चमचे साखर घालून अर्धा तास. रस सुटला की साधं बाल्सामिक २ चमचे, वाढायच्या फक्त १० मिनिटं आधी. फार वेळ ठेवलं तर फळ लिबलिबीत आणि तपकिरी होतं. खाली घोटून घेतलेला चक्का ५०० ग्रॅम, त्यात १०० ग्रॅम पिठीसाखर. श्रीखंडापेक्षा बराच कमी गोड ठेवा. वेलची-केशर नको, बाल्सामिकशी जुळत नाही. आजींना व्हिनेगर घालायच्या आधीची स्ट्रॉबेरी काढून ठेवा.

पुरंदरच्या अंजिरांचा खट्टा बहरही याच दिवसांत असतो. मिळाली तर सहा-सात आणा, त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी ती बसतात. चार फाका करून चक्क्यावर ठेवा आणि अंजिराच्या बाल्सामिकचे थेंब न आटवता टाका.

उरलेल्या तेलाच्या बाटल्या गॅसशेजारच्या फळीवर ठेवू नका. ऊन आणि धग लागली की खवट होतात, जुन्या सुक्या खोबऱ्यासारखा वास येतो. अंधाऱ्या कपाटात, झाकण घट्ट लावून, दोन-तीन महिन्यांत संपवा. व्हिनेगरला घाई नाही.