ल्यूगरचे फोटो आधी मागवा

'सगळे नंबर जुळतात' एवढ्या एका ओळीवर तुम्ही विचारलेल्या, गनब्रोकर या अमेरिकेतल्या बंदुकांच्या लिलाव संकेतस्थळावरच्या ल्यूगर पी-०८ या जुन्या जर्मन पिस्तुलाला बोली लावू नका. नंबर जुळणं म्हणजे सगळे भाग मूळ त्याच पिस्तुलाचे असणं. लष्करी ल्यूगरच्या फ्रेमवर आणि नळीवर पूर्ण नंबर असतो, लहान भागांवर बहुधा शेवटचे दोन आकडे. तुम्ही सांगताय त्या जाहिरातीत फक्त डाव्या बाजूचे तीन फोटो आहेत, मग प्रत्येक आकड्याचा जवळून फोटो मागवायलाच हवा. दुसऱ्या पिस्तुलाचे भाग बसवून त्यावर नवे आकडे ठोकणारे महाभाग आहेत. आकड्यांच्या ठशाची खोली आणि वळण वेगळं दिसलं की समजायचं. ठशांच्या कडा बोथट आणि गंजाच्या खड्ड्यांवर पोलादाला देतात तो निळा रंग चकचकीत, म्हणजे पॉलिश करून पुन्हा रंगवलेली. मूळ रंगाची म्हणून तिला किंमत देऊ नका.

१९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्यानंतर अमेरिकेत आलेल्या बंदुकीवर आयातदाराचा शिक्का असतो. तो नेमका फोटोत नसतो!

'आजोबांच्या पेटीत सापडली, मला यातलं काही कळत नाही' म्हणणाऱ्याचे जुने व्यवहार बघा. महिन्याला चार ल्यूगर विकणारे बरेच आजोबा असतात काहींना. अभिप्राय विक्रेता म्हणून मिळालेत की खरेदीदार म्हणून, तेही तपासा.

परत करण्याची मुदत लेखी घ्या. बँकेच्या वायर ट्रान्सफरने किंवा गिफ्ट कार्डनेच पैसे मागितले तर सोडून द्या. आणि परवानाधारक डीलरमार्फत न पाठवता 'थेट घरी पाठवतो' म्हणाला, तर तो नुसता लबाड नाही, तुम्हालाही कायद्यात अडकवू शकतो.