प्रतिसाद: पाव विष नाही, पण...

तळ्यातल्या बदकांना पाव घालावा का, या चर्चेत वर कोणीतरी विचारलंय, "पाव खाऊन बदक मेलेलं कुणी पाहिलंय का?" एखाद्या तुकड्याने मरत नाहीच. अडचण वेगळी आहे. पावाने पोट भरतं, पण पोषण फारसं मिळत नाही. बदकांचा खरा आहार म्हणजे पाणवनस्पती, बिया, किडे, गोगलगायी. पिल्लांना तर वाढीसाठी भरपूर प्रथिनं लागतात, आणि नेमकी तीच पावाच्या मागे धावतात. ते बघून मला फार वाईट वाटतं.

त्याहून मोठा प्रश्न उरलेल्या पावाचा, ज्याकडे या चर्चेत कुणाचं लक्ष गेलेलं नाही. काठाशी भिजून फुगलेले, पांढरट लगद्यासारखे तुकडे पाहिलेत ना? ते कुजतात, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, शेवाळ माजतं, उंदीर येतात. बुरशी आलेला पाव तर अजिबात टाकू नका. त्या बुरशीने पक्ष्यांच्या फुप्फुसांना संसर्ग होऊ शकतो.

द्यायचंच असेल तर ओट्स, मक्याचे दाणे, मटार (गोठवलेले असतील तर आधी साध्या तापमानाला आणून) किंवा बारीक चिरलेली पालेभाजी द्या. तेही मूठभरच, आणि आधीचं संपलेलं दिसल्याशिवाय पुढची मूठ टाकू नका.