रिक्षांचा माग : हालचालीवरून ठेवावा की रूपावरून?

माजिवडेकर
कापूरबावडी नाक्याजवळच्या एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावरून घेतलेल्या चित्रीकरणात प्रत्येक वाहनाला आयडी देऊन, नाका ओलांडेपर्यंत तो टिकवून, कोणत्या दिशेला किती वाहने वळली हे मी मोजतो आहे. यासाठी मला सगळे २०१७ चा डीपसॉर्ट हा माग ठेवणारा अल्गोरिदम वापरायला सांगतात. त्यात प्रत्येक वाहनाच्या रूपाचे १२८ आकड्यांत वर्णन करून ते आधीच्या वर्णनांशी ताडले जाते. माझे ठाम मत आहे की ठाण्यात हा खटाटोप वाया जातो. काळ्या अंगाच्या, पिवळ्या टपाच्या चार रिक्षा शेजारी उभ्या राहिल्या, की नंबरप्लेट वाचल्याशिवाय माणसालाही त्या वेगळ्या सांगता येत नाहीत. शिवाय डीपसॉर्टचे रूप ओळखणारे मूळ न्यूरल जाळे पादचाऱ्यांच्या चित्रांवर शिकलेले आहे, त्याला रिक्षा काय कळणार? त्यापेक्षा २०१६ च्या सॉर्टसारखी साधी रीत बरी : काल्मन फिल्टरने पुढची जागा वर्तवायची आणि हंगेरियन पद्धतीने जुन्या ट्रॅकशी, म्हणजे आधीपासून ठेवलेल्या मागांशी, डिटेक्टरने (फ्रेममधली वाहने शोधणाऱ्या प्रोग्रामने) वाहनांभोवती आखलेल्या नव्या चौकटींच्या जोड्या लावायच्या.

वाशीकर
असहमत. सॉर्टमधले काल्मन फिल्टर वाहनाचा वेग स्थिर धरते, आणि आपल्याकडची रिक्षा नेमकी तेच करत नाही. ती बसच्या आड जाऊन थांबते, वर्तवलेली चौकट मात्र पुढे सरकत राहते. त्यात मूळ सॉर्ट एका फ्रेममध्ये वाहन दिसले नाही तरी ट्रॅक सोडून देतो. रूपाचे जाळे पादचाऱ्यांवर शिकलेले असेल तर ते वाहनांवर नव्याने शिकवावे. सगळ्या रिक्षा सारख्या हेही मला पटत नाही : कुणाच्या मागच्या काचेवर ‘आई एकवीरा’ लिहिलेले असते, कुणाचे टप उसवलेले असते, कुणी पावसाळ्यात निळा पडदा लावतो.

माजिवडेकर
पाचव्या मजल्यावरून ती अक्षरे दिसत नाहीत. माझ्या चित्रात दूरची रिक्षा जेमतेम ४० पिक्सेल रुंद आहे आणि तिचे फक्त टप दिसते.

कळवेकर
रूप की हालचाल यावर भांडण्याआधी आपण डिटेक्टरकडून आलेले काय टाकून देतो, ते पाहायला हवे. बसमागून अर्धी डोकावणारी रिक्षा डिटेक्टरला दिसते, पण तिला खात्रीचे गुण कमी मिळतात आणि ठरवलेल्या किमान गुणांच्या उंबरठ्यावरच आपण तिला गाळतो. २०२१ च्या बाइटट्रॅकने या कमी गुणांच्या चौकटीही उरलेल्या ट्रॅकशी दुसऱ्या फेरीत जुळवून पाहिल्या, आणि रूपाचे वर्णन न वापरताही उत्तम निकाल मिळवले. इथवर मी माजिवडेकरांच्या बाजूचा आहे. मात्र निकाल ‘मोटा’ (MOTA) या माग ठेवण्याच्या एकूण अचूकतेच्या मापाने तपासू नका, कारण त्यात हुकलेल्या आणि खोट्या चौकटींचेच वजन जास्त पडते. वळणे मोजताना १४ क्रमांकाची रिक्षा बसमागून ३१ होऊन बाहेर आली, तर ती कुठून आली हेच हरवते आणि दोन्ही नोंदी फुकट जातात. ओळख किती टिकली हे सांगणारे ‘आयडीएफ१’ (IDF1) हे माप पाहा.

वाशीकर
बाइटट्रॅक हरवलेला ट्रॅक साधारण ३० फ्रेम जपतो, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर सव्वा सेकंदही नाही. सिग्नलला उभी राहिलेली बस त्याहून कितीतरी जास्त वेळ हलत नाही, आणि तिच्या आड पूर्ण झाकलेल्या रिक्षेची कमी गुणांची चौकटही मिळत नाही.

माजिवडेकर
ही मुदत वाढवता येते, आणि थांबलेल्या ट्रॅकचा वेग शून्य धरता येतो. उद्या सकाळच्या गर्दीचे चित्रीकरण तसे चालवून दोन्ही रीतींचे ‘आयडीएफ१’ इथेच देतो.