विमानतळ ते बर्फ : शेवटच्या टप्प्याचे अनुभव लिहा

आम्ही पर्वरीचे. आमच्या घरात बर्फ म्हणजे मासळीच्या खोक्यातला. यंदा जानेवारीत पोरांना खरा बर्फ दाखवायचा, जमलं तर पायांत स्की बांधून उभं करायचं, असं ठरलंय. गुलमर्ग. गोव्यातल्या मोपा विमानतळावरून दिल्ली, दिल्ली ते श्रीनगर ही तिकिटं अर्ध्या तासात झाली. पण श्रीनगर विमानतळाबाहेर पाऊल टाकल्यापासून हॉटेलच्या दारापर्यंत काय होतं ते कुणी धड सांगत नाही. "गाडी मिळते हो," म्हणतात. मिळते हे मलाही कळतं.

म्हणून हा धागा. विमानतळावरून स्कीच्या गावापर्यंत कसे पोचलात, एवढंच लिहा. देश कुठलाही चालेल. फजिती झाली असेल तर ती आधी.

फोंड्याहून

फजिती आधी म्हणताय, म्हणून थेट टंगमर्गपासून सुरू करतो.

श्रीनगर विमानतळ ते गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. मागाम, कुंझर करत टंगमर्गपर्यंत रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना पानं झडलेले पॉप्लर आणि सफरचंदाच्या बागा. आम्ही विमानतळावरून साधी सेडान घेतली होती. टंगमर्गला पोलिसांनी हात केला. बर्फ पडलेला असला की तिथून वर फक्त चाकांना चेन लावलेली किंवा फोर बाय फोर गाडी सोडतात. आमचा चालक शांतपणे म्हणाला, "बस, यहीं तक." आम्ही सहा माणसं, चार बॅगा, सासूबाईंचा गुडघा आणि पायाखाली चिखल झालेला बर्फ. वरचे १३ किलोमीटर टंगमर्गच्या गाड्यांचे आणि दर त्यांचा. खालच्या अख्ख्या रस्त्याला दिले जवळपास तेवढेच पैसे पुन्हा मोजले.

मी भांडायला उठलो. बाहेरची गाडी वर का नाही, ही कसली दादागिरी, वगैरे. बायको हळूच म्हणाली, "आपल्या दाबोळी विमानतळावर उतरलेला दिल्लीवाला अगदी हेच बोलतो. त्याला तुम्ही काय सांगता?" माझा सख्खा भाऊ टॅक्सी चालवतो. अ‍ॅपवरच्या टॅक्सींविरुद्ध त्यांनी काढलेल्या प्रत्येक मोर्चाला मी "बरोबर आहे" म्हणत आलोय. मुकाट्याने गाडीत बसलो. त्या पोराने चेन लावताना हातमोजे काढले होते, बोटं लालभडक झाली होती. मोसम सरला की गाडी दारातच उभी असते, म्हणाला. आमच्या भावाची पावसाळ्यात असते तशीच.

आता कामाचं. हॉटेलला आधीच विचारा, टंगमर्गला त्यांची गाडी घ्यायला येणार का, आणि तिचे पैसे खोलीभाड्यात की वेगळे. विमानतळावर गाडी ठरवतानाच "चेन है?" विचारा. टंगमर्गला गमबूट आणि कोट भाड्याने देणारे गाडीला गराडा घालतात. गमबूट जरूर घ्या, घासाघीसही जरूर करा. स्की, बूट, काठ्या सगळं वर भाड्याने मिळतं. गंडोल्याची, म्हणजे तिथल्या रोपवेची, तिकिटं घरूनच ऑनलाइन काढा. आणि आपलं प्रीपेड सिम काश्मिरात चालत नाही, पोस्टपेड लागतं. हे मला चालकाला फोन लावताना कळलं.

पर्वरी

गुडघ्याचं काय झालं?

फोंडा

स्लेजवर बसून सासूबाई आमच्याआधी हॉटेलात. आम्ही बॅगा ओढत मागून.

कवळ्याहून

आमची औली. देहरादूनच्या जॉली ग्रँट विमानतळावर उतरलो तेव्हा आईने विचारलं, "आता किती?" मी म्हटलं, एक दिवस. तिला वाटलं, थट्टा करतोय.

ऋषिकेशहून जोशीमठ अडीचशे किलोमीटर, पण हे आपले किलोमीटर नव्हेत. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग. प्रत्येक संगमावर आई हात जोडायची आणि धाकटी वाकून ओकायची. कोकमाची सोलं घरून नेली होती, ती तोंडात धरून निम्मा रस्ता निभावला. रुंदीकरणाचं काम आणि दरड, दोन्हींसाठी गाड्या अडवून ठेवतात, त्यामुळे गुगलने दाखवलेल्या वेळेवर विसंबू नका. विमान दुपारचं असेल तर त्या दिवशी ऋषिकेशलाच राहा. पहाडात अंधारात गाडी चालवायला चांगला चालक स्वतःच तयार होत नाही, आणि जो होतो त्याच्या गाडीत बसू नये.

आम्ही रोपवेच्या आशेने गेलो होतो. जोशीमठ ते औली चार किलोमीटरचा रोपवे, पण २०२३च्या जानेवारीत गावातली जमीन खचली तेव्हापासून तो बंदच. वळणावळणाच्या रस्त्याने जीप करून वर जावं लागलं. खाली गावात काही घरांना गेलेले तडे अजून दिसतात. स्की करायला जाताना ते बघणं बरं वाटत नाही, पण रस्ता तिथूनच जातो.

आईला स्कीचं काही नव्हतं. जोशीमठ म्हणजेच ज्योतिर्मठ, आद्य शंकराचार्यांचा, आणि आमच्या कवळे मठाला ज्यांचं नाव ते गौडपादाचार्य शंकराचार्यांच्या गुरूंचे गुरू. एवढ्या नात्यावर ती बारा तास गाडीत बसली. आम्ही उतारावर आपटत होतो तेव्हा ती खाली नृसिंहाच्या देवळात.

मडगावहून

हसू नका. विमानतळाच्या मेट्रो स्टेशनातून लाल लाइन पकडली, मॉल ऑफ द एमिरेट्सला उतरलो, पुलावरून चालत गेलो, स्की रिसॉर्ट आलं. दुबई. बाहेर ४२ अंश, आत उणे. भाऊ २००५ साली ते उघडलं तेव्हापासून "ये" म्हणत होता. चेन लागत नाही, चालकाशी भांडण नाही. फक्त मोठ्या बॅगा मेट्रोत जास्त नेता येत नाहीत, त्या भावाकडे पाठवा.

पेडण्याहून

सोलंगला जायचं तर जवळचं विमानतळ भुंतर, मनालीपासून पन्नासेक किलोमीटर. दरीत बसलेली छोटी धावपट्टी, छोटं विमान, ढग आले की बेत रद्द. आमचं रद्द झालं. चंदीगडहून रात्रीची बस केली. बाकी आठवत नाही, झोपलो होतो.

काणकोणहून

मी कोकण रेल्वेतून निवृत्त झालो, त्यामुळे माझं लिहिणं गाडीबद्दलच असणार.

मुलगी जिनिव्हात शिकते. विमानतळाच्या इमारतीतून छताखालूनच स्टेशनात जाता येतं. तिथून फिस्पला गाडी, फिस्पला बदलून झेरमॅट, हे स्कीचं गाव. झेरमॅटला पेट्रोलच्या गाड्या जाऊच देत नाहीत; मोटारीने येणाऱ्यांनाही खाली टॅशला गाडी ठेवून आगगाडीनेच वर जावं लागतं. गावात विजेवरच्या छोट्या टॅक्सी फिरतात, डब्यांसारख्या.

फिस्पला फलाटावर उभा राहून मी रुळांकडे बघत राहिलो. मीटर गेज, दोन रुळांत फक्त एक मीटर! मुलगी म्हणे, "बाबा, गाडी सुटेल." तिला काय सांगणार. मुरगावहून दूधसागर चढून कॅसलरॉकला जाणारी आमची लाइनही मीटर गेजच होती, ब्रॉडगेज व्हायच्या आधी. ब्रागांझा घाटाचा चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. तिथे मागून इंजिन लावून ढकलायचं. इथे चढ फार झाला की मधोमध दातेरी रूळ येतो आणि इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकून चढतं. इतकी साधी गोष्ट. खिडकीबाहेरचे डोंगर सगळे बघत होते, मी खाली बघत होतो.

हो, स्कीच्या लांब पिशव्या घेऊन सगळे निवांत चढतात. आपल्याकडे मडगावला एवढी पिशवी घेऊन डब्यात चढून दाखवा.

डिचोलीहून

माझा अनुभव उपयोगाचा नाही, कारण आम्ही पोचलोच नाही.

काका पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात शिकले, १९६१च्या आधी, गोव्यात पोर्तुगीज राज्य असताना. त्यांच्या भूगोलात सह्याद्री नव्हता, पोर्तुगालचे डोंगर आणि नद्या पाठ करायच्या. त्यांतला सेर्रा द इश्त्रेला हा डोंगर त्यांना जन्मभर तोंडपाठ, कधी न बघता. चुलतभाऊ लिस्बनला असतो. पंचाहत्तरीला काकांनी एकच मागणं मागितलं.

लिस्बन विमानतळावरून मेट्रोने तिसरं स्टेशन ओरिएंत, तिथून डोंगराच्या पायथ्याच्या कुव्हिल्यांची गाडी, चारेक तास, बराच वेळ तेजू नदीच्या काठाने. काका खिडकीशी बसून पुढचं स्टेशन कुठलं येणार ते सांगत होते, आणि निम्मी बरोबर येत होती. कुव्हिल्यांहून टॅक्सी. माथ्यावर तोर्रे, १९९३ मीटर. तिथे मनोरा बांधून उंची २००० केली आहे. मुख्य भूमीवरची पोर्तुगालची स्कीची एकच जागा ती. पण अर्ध्या वाटेवर रस्ता बंद. कारण काय, तर बर्फ पडला होता! बर्फ बघायला गेलो आणि बर्फामुळे परत.

खाली उतरताना चालकाने काकांना विचारलं, इतकं पुस्तकी पोर्तुगीज कुठे शिकलात? काका म्हणाले, पणजीला. चालकाने थोडा विचार केला आणि विचारलं, ते कुठे आलं? काका त्यावर काही बोलले नाहीत. कुव्हिल्यांला गाडीची वाट बघताना मला म्हणाले, "त्याला मांडवीसुद्धा शिकवली नसेल."

फोंडा

पर्वरीकर, एक राहिलं. परतीला श्रीनगर विमानतळावर खूप आधी पोचा. आत शिरायच्या आधीच, बाहेरच्या फाटकावर गाडीतून सगळं सामान उतरवून तपासतात, मग आत पुन्हा तपासणी. हवाई दलाचं विमानतळ आहे, आपलं दाबोळी नौदलाचं तसं, त्यामुळे फोटोबिटो नको. आणि बर्फ पडत असेल तर विमानं रद्द होतात. गुलमर्गहून त्याच दिवशी उतरून विमान पकडायचं धाडस करू नका, आदली रात्र श्रीनगरला काढा.

म्हापशाहून

परतीचं निघालंच आहे म्हणून सांगतो. काश्मीर, दिल्ली सगळं सुरळीत झालं. बर्फातून आलो या ऐटीत गोव्यात उतरलो, सामान घेतलं, पार्किंगकडे निघालो. बाहेर येऊन बघतो तर दाबोळी. आमची गाडी मोपाला, साठेक किलोमीटरवर, आठ दिवसांचं पार्किंग चढलेली. तिकिटावर जाताना जीओएक्स होतं, येताना जीओआय. एका अक्षराचा फरक, कोण बघतो! रात्री साडेअकराला टॅक्सीवाल्याने जो दर सांगितला तो ऐकून टंगमर्ग स्वस्त वाटलं.

पर्वरी

थांबा, तिकीट बघते.

पर्वरी

जायचं मोपा. यायचं दाबोळी.