शनिवार-रविवारची झोप आणि सोमवारचं डोकं: सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

राहायला बदलापूर, नोकरी फोर्टला. सोमवार ते गुरुवार रात्री साडेअकराला आडवी होते, पाचला उठते. दोन डबे भरायचे नि सहाच्या सुमाराची लोकल गाठायची. शुक्रवार-शनिवारी मात्र मोबाइल बघता बघता अडीच वाजतात, मग सकाळी साडेदहापर्यंत डोळा उघडत नाही. रविवारी मटणाचं जेवण तीनला, त्यामुळे रात्री पोट जड आणि दीड वाजेपर्यंत नुसती कूस बदलणं. सोमवारी डोकं ठणकतं, जळजळ मंगळवारपर्यंत पुरते.

याला ‘सोशल जेटलॅग’ म्हणतात असं वाचलं. म्युनिकचे शरीराच्या घड्याळाचे संशोधक टिल रोएनेबर्ग यांच्या गटाने २००६ मध्ये हे नाव रूढ केलं. कामाच्या आणि सुट्टीच्या दिवशी झोपेची मधली वेळ काढायची, त्यातला फरक म्हणजे हा जेटलॅग. माझी सव्वादोन आणि साडेसहा, म्हणजे सव्वाचार तास! उन्हाळ्यात मुंबई आणि लंडनच्या घड्याळांत साडेचार तासांचा फरक असतो. म्हणजे दर शुक्रवारी लंडनला जाऊन रविवारी परत, तेही फुकटात. त्यातून बहुतेकांचं शरीराचं घड्याळ २४ तासांहून किंचित लांब असतं, म्हणून उशिरा झोपणं सहज जमतं, वेळ मागे आणणं जड जातं.

त्याच गटाच्या २०१२ च्या अभ्यासात या फरकाचा लठ्ठपणाशी संबंध दिसला होता. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे कळतं. पण माझं एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी) ५.९ आलंय, वडिलांना मधुमेह आहे, त्यामुळे धास्ती वाटते. थायरॉइड नॉर्मल आहे, घोरत नाही.

खरी अडचण अशी की आठवडाभर साडेपाच तासच झोप मिळते. सुट्टीतही पाचला उठले तर ती भरून कधी काढू? सासूबाई म्हणतात, रोज एकाच वेळी उठावं. त्यांना दुपारी तासभर झोप मिळते, ते त्या सोयीस्कर विसरतात.

शनिवारी सातला उठून दुपारी अर्धा तास झोपणं बरं, की शुक्रवारीच दहाला झोपून जाणं? सकाळी उन्हात फिरल्याने रविवारच्या रात्रीत फरक पडला का कुणाला? मेलॅटोनिनच्या गोळ्या कृपया सुचवू नका, ते डॉक्टरांशी बोलेन. पहाटेची गाडी पकडणाऱ्यांनी सुट्टीला किती वाजता उठता तेवढं जरूर लिहा.